आलापल्लीपुढचा रस्ता आणि भेंड्यांचा बदललेला नियम

नागपूरहून हेमलकशाचे अंतर सुमारे सव्वातीनशे किलोमीटर आहे. प्रवासाच्या दृष्टीने त्याचे सरळ तीन भाग पडतात. नागपूर ते चंद्रपूर हा दीडशे किलोमीटरांचा पहिला भाग रुंद, वाहता आणि मुलांच्या दृष्टीने सर्वांत कंटाळवाणा. चंद्रपूरहून बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी, आष्टी असे करीत आलापल्लीपर्यंतचा दुसरा भाग संमिश्र. कुठे धानाची शेते, कुठे जंगलाचा तुकडा आणि अलीकडच्या काळात लोहखनिजाच्या अवजड ट्रकांची वर्दळ. आलापल्लीपासून भामरागडच्या दिशेने शेवटचे साठेक किलोमीटर मात्र संपूर्ण अरण्याचे. या शेवटच्या टप्प्यावर भ्रमणध्वनीला संपर्कजाळे मिळेलच याची खात्री धरता येत नाही. घरात मुलांच्या हाती भ्रमणध्वनी देऊन शांतता विकत घेण्याची सवय जडलेल्या कुटुंबाने या रस्त्याला लागण्यापूर्वी थोडी वेगळी शिदोरी बांधावी लागते.

गेल्या डिसेंबरात आम्ही सहा जण या रस्त्याने गेलो. मुलगा, सून, नऊ वर्षांचा नातू, सहा वर्षांची नात, मी आणि माझे यजमान. यजमानांना सव्वादोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. उजवा हात आणि पाय दुबळे झाले. पाय बराच सावरला, हात फारसा नाही. त्याहून मोठे नुकसान वाचेचे झाले. मेंदूच्या डाव्या भागातील भाषेच्या केंद्रांना इजा झाली की जे होते त्याला वाचाघात म्हणतात. तो निरनिराळ्या प्रकारे प्रकट होतो. यजमानांच्या बाबतीत समोरच्याचे बोलणे बहुतांशी कळते, मनात उत्तरही तयार असते, पण शब्द ओठांवर येत नाही. आला तर भलताच येतो. ज्यांनी हे घरात पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल की हळूहळू त्या माणसाभोवतीचे बोलणे आटत जाते. घाई कुणाची नसते असे नाही. ‘आजोबा, चहा हवा का?’ असे विचारून नातू उत्तरासाठी माझ्याकडे पाहू लागला, तेव्हा ते माझ्या पहिल्यांदा ध्यानात आले. त्या घरातल्या माणसाला सगळे दिसते, आणि हेही दिसते.

यजमान विद्यार्थिदशेत सोमनाथच्या श्रमछावणीला गेले होते. आनंदवन त्यांनी पाहिले होते. हेमलकसा राहून गेले होते. म्हणून हा प्रवास.

डॉक्टरांची परवानगी घेताना दोन गोष्टी मुद्दाम विचारून घेतल्या. पहिली, लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ प्रवासाच्या दिवशी बदलावी का. अशी गोळी परस्पर बंद करणे धोक्याचे. वेळ बदलायची ती डॉक्टरांनीच बदलावी. दुसरी गोष्ट गाडी लागण्याच्या औषधाची. नातीला गाडी लागते, म्हणून घरात त्या गोळ्या असतात. ‘एक बाबांनाही देऊ या’ असे सहज म्हटले जाते. या प्रकारच्या बहुतेक गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, तोंडाला कोरड पडते, लघवी अडू शकते, आणि काहींना चक्क भ्रम होतो. मेंदूला आधीच इजा झालेल्या माणसाला तर त्या विचारल्याशिवाय देऊच नयेत.

बसण्याची जागा हा विषय क्षुल्लक वाटतो, पण पुढचे सगळे खेळ त्यावरच अवलंबून असतात. आजारी माणसाला पाय लांब करता यावेत म्हणून पुढची जागा देण्याची पद्धत आहे. ती सोयीची खरी, परंतु पुढे बसलेल्या माणसाची पाठ मुलांकडे असते, इंजिनाच्या आवाजात मागचे काही ऐकू येत नाही, आणि तो सामानासारखा एका जागी बसून राहतो. आम्ही यजमानांना मधल्या ओळीत डाव्या खिडकीशी बसवले. त्यांचा डावा हात चांगला असल्याने दाराच्या वरची मूठ त्यांना धरता येते, आणि उतरताना ते रहदारीच्या बाजूला न उतरता रस्त्याच्या कडेला उतरतात. पक्षाघातानंतर काही रुग्णांना एका बाजूचे दिसत नाही. अशांच्या बाबतीत खिडकी निवडताना दिसणारी बाजू कोणती हे आधी पाहावे. मधे नात बसली, तिच्या मापाची उंच बैठक आणि पट्टा लावून, आणि उजवीकडे नातू. मी मागे.

नागपूर ते चंद्रपूर या टप्प्यावर वाहनांच्या पाट्यांचा खेळ चांगला चालतो. जिल्ह्यांचे आकडे मुलांना आधी सांगून ठेवावेत: ३१ नागपूर शहर, ४० नागपूर ग्रामीण, ३२ वर्धा, ३३ गडचिरोली, ३४ चंद्रपूर, २९ यवतमाळ. बुटीबोरीपर्यंत ३१ आणि ४० यांचाच सुळसुळाट असतो. जाम चौरस्त्यावर हैदराबादचा रस्ता फुटतो, तिथे परराज्यांच्या पाट्या दिसतात आणि खेळाला रंग चढतो. नंदोरी, वरोरा या पट्ट्यात ३४ वाढू लागतो. गडचिरोलीचा ३३ हा दुर्मीळ पक्षी. जो आधी पाहील त्याला पाच गुण. या खेळाचा खरा फायदा निराळाच आहे. गाडी लागते ती कान आणि डोळे यांच्या भांडणामुळे. कानाच्या आतले तोलाचे इंद्रिय सांगते की आपण हलतो आहोत. मांडीवरच्या पुस्तकावर किंवा पडद्यावर खिळलेले डोळे सांगतात की सारे स्थिर आहे. साधारण दोन ते बारा या वयात हा त्रास अधिक होतो. नजर बाहेर आणि दूरवर ठेवली की भांडण मिटते किंवा सौम्य होते. म्हणून गाडीतल्या खेळाची माझी पहिली कसोटी अशी की मुलाची मान खाली जाता कामा नये. कागदावरचे नाव-गाव-फळ-फूल, चित्रे रंगवणे, भ्रमणध्वनीवरची कोडी या कसोटीला उतरत नाहीत. रिकामे पोट आणि तुडुंब पोट दोन्ही वाईट. पोहे किंवा इडली असे हलके काही खाऊन निघावे.

आकड्यांचा यजमानांना उपयोग झाला, तो मी अपेक्षिलेल्या मार्गाने नव्हे. ‘चौतीस’ हा शब्द त्यांना काढता येईना. पण नातवाने पाटीवरचे आकडे घेऊन पाढा सुरू केला, तसे ते त्याच्या मागोमाग बोलू लागले. वाचाघातात हे पुष्कळदा घडते. वारांची नावे, एक ते दहा, पाढे, प्रार्थना अशा लहानपणी घोकून पक्क्या झालेल्या मालिका एकदा सुरू करून दिल्या की आपोआप पुढे सरकतात. त्या पिढीने नुसते पाढे नव्हे, पावकी, निमकी, दिडकी, अडीचकीही पाठ केली होती. ‘दिडकी म्हणजे काय?’ हे नातवाने मला विचारले. मी उत्तर दिले नाही. यजमानांनी डाव्या हाताची दोन बोटे दाखवली, मग तीन. चार दाखवली, मग सहा. भद्रावती येईपर्यंत मुलाला दिडकी कळली होती आणि सांगणारा एक शब्दही बोलला नव्हता.

दर दीड-दोन तासांनी थांबलोच. दीर्घकाळ पाय लोंबते ठेवून बसल्याने पोटऱ्यांतील शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. दुबळ्या पायात तो अधिक. चालत्या गाडीत घोटे वरखाली करायचे ठरवले, आणि त्याचाही मुलांनी खेळ केला: नात ‘टाच’ म्हणाली की सर्वांनी टाच टेकवायची, ‘चवडा’ म्हणाली की चवडा. दुबळा पाय माझ्या सुनेने प्रत्येक थांब्यावर हाताने हलवून दिला. वाटेत लघवीला लागू नये म्हणून वृद्ध माणसे पाणीच पीत नाहीत, हे सगळ्याच घरांतले दुखणे आहे. त्यावर उपाय पाणी कमी करणे हा नसून थांबे आधी ठरवणे हा आहे. थंडीतसुद्धा पाणी लागतेच.

चंद्रपुरात मुक्काम केला. एका दिवसात हेमलकसा गाठणारे गाठतात. वृद्ध आणि लहान मुले सोबत असताना ते करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. सायंकाळी गोंडकालीन परकोटाचा जटपुरा दरवाजा पाहिला. त्यावरच्या शिल्पांतील प्राणी मोजण्यात मुलांची अर्धी घटका बरी गेली.

दुसऱ्या दिवशी बल्लारपूरची कागद गिरणी मागे पडली आणि नाले सुरू झाले. या भागात रस्ता दर काही किलोमीटरांवर कुठल्या ना कुठल्या ओढ्याला ओलांडतो. त्यातून ‘पाणी की कोरडा’ हा खेळ निघाला. पूल दिसताच प्रत्येकाने आपले मत द्यायचे. पुलाखाली पाणी असेल असे वाटले तर अंगठा वर, कोरडा वाटला तर अंगठा खाली. गाडी पुलावर आली की निकाल समोर. बोलावे लागत नाही, वाचावे लागत नाही, सहा वर्षांच्या मुलीला आणि सत्तर पार केलेल्या माणसाला समान संधी, आणि खेळ वीस सेकंदांत संपतो. तरीही तो निव्वळ नशिबाचा नाही. काठावर अर्जुनाची झाडे दाट असली, की पाणी टिकून असण्याची शक्यता अधिक. हे यजमानांना ठाऊक होते, कारण त्यांचे आयुष्य जलसंधारणाच्या कामांत गेले. चौथ्या-पाचव्या पुलानंतर नातवाच्या लक्षात आले की आजोबा चुकत नाहीत. मग तो मत देण्यापूर्वी आजोबांच्या अंगठ्याकडे चोरून पाहू लागला, आणि नातीने त्याला दंड ठोठावला.

गोंडपिपरीनंतर वैनगंगेचा पूल लागतो. पलीकडे आष्टी, म्हणजे गडचिरोली जिल्हा. इथून खाली थोड्याच अंतरावर वैनगंगा आणि वर्धा एकत्र येतात आणि पुढे प्राणहिता हे नाव धारण करतात. पुलावर गाडी थांबवू नये. पलीकडे सुरक्षित जागा पाहून थांबावे. आम्ही तिथे डबा खाल्ला. चालत्या गाडीत खाणे आम्ही बंदच ठेवले होते. शेंगदाणे, चिक्की, फुटाणे, कडक गोळ्या या प्रवासातल्या ठरलेल्या वस्तू. पण गाडीला धक्का बसला की लहान मुलाच्या श्वासनलिकेत दाणा जाऊ शकतो, आणि पक्षाघातानंतर गिळण्याची क्रिया मंद झालेल्या माणसाच्याही. दोघांना एकच नियम असला की कुणाला आपल्यावर निर्बंध आहेत असे वाटत नाही.

आष्टी ते आलापल्ली हा पट्टा मी थोडक्यात आटोपते. ट्रकांची धूळ उडत होती, काचा बंद होत्या, मुले कुरकुरत होती. अशा वेळी खेळ लादू नये. आम्ही सर्वांनी डोळे मिटले, आणि आजोबांसह सगळे झोपले. आलापल्लीत इंधन भरले आणि औषधांची पिशवी तपासली. अहेरीचे उपजिल्हा रुग्णालय इथून जवळ आहे, पुढे थेट हेमलकशाचा दवाखानाच जवळचा, ही गोष्ट सोबत वृद्ध असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

आलापल्लीचे साग प्रसिद्ध आहेत. या वनविभागातील ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ नावाने राखलेल्या सहा हेक्टरांच्या वनखंडाला २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातील हे पहिले वारसास्थळ. पण मुलांना सागापेक्षा ऐन आवडला. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चिरफाळलेली असते, त्यामुळे धावत्या गाडीतूनही ओळखू येतो. ‘मगर’ दिसली की टाळी. मोह, तेंदू, बिजा हे सावकाशीने, थांब्यावर. वारुळे मोजण्याचा खेळ दोनशेच्या पुढे सोडून द्यावा लागला.

मुलाच्या भ्रमणध्वनीचे संपर्कजाळे गेले ते इथेच कुठेतरी, आणि तेव्हा नातीने भेंड्यांची मागणी केली. मला त्याच खेळाची धास्ती होती. वाचा-उपचार तज्ज्ञांनी आम्हाला समजावून सांगितले होते की ‘म पासून गाणे सांगा’ ही मागणी वाचाघाताच्या रुग्णाला सर्वांत अवघड. अक्षरावरून शब्द शोधणे हेच तर त्याला जमत नाही. बारकाईने पाहिले तर भेंड्या म्हणजे त्याच्या दुखऱ्या जागेवर नेमके बोट ठेवणारा खेळ. मात्र त्यांनी दुसरेही सांगितले होते. चाल आणि ताल यांत गुंफून पाठ झालेले शब्द मेंदूच्या अन्य भागांच्या साहाय्यानेही बाहेर येतात. बोलता न येणारा माणूस गाणे म्हणू शकतो, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि १९७० च्या दशकात स्वर-लयीचा आधार घेणारी उपचारपद्धतीही त्यातून तयार झाली.

नियम बदलला तो मुलांनीच, कारण मी त्यांना एवढेच सांगितले की आजोबांना सुरुवात करता येत नाही, पुढे जाता येते. नातवाने थोडा विचार केला आणि निवाडा दिला: गाणे कुणीही सुरू करायचे; मधेच थांबायचे; आजोबांनी ओळ पूर्ण केली तर ज्याने सुरू केले त्याच्या पक्षाला दुप्पट गुण. क्षणार्धात सगळ्या गाडीचा स्वार्थ आजोबांना येणाऱ्या गाण्यांत गुंतला. मुलांना नव्या चित्रपटांची गाणी सोडावी लागली. सुनेला तिच्या आजीची भावगीते आठवली. मी शाळेतल्या प्रार्थना काढल्या, रेडिओवरची जुनी गाणी काढली, आरत्या काढल्या. पहिल्या दोन वेळा यजमान गप्प राहिले. आम्ही थांबून राहिलो. थांबणे ही गोष्ट सांभाळणाऱ्यांना सर्वांत अवघड जाते. आपण दोन-तीन सेकंदांत शब्द भरून टाकतो. त्यांना दहा-पंधरा लागतात. तिसऱ्या गाण्याला त्यांनी ओळ उचलली आणि शब्दांसकट संपवली. आवाज जाड होता, उजवीकडे ओठ थोडा कलत होता, पण शब्द स्पष्ट होते. नातीने मागे वळून मला विचारले, ‘आजी, मग आजोबा घरी का बोलत नाहीत?’

मी तिला खरे तेच सांगितले, आणि इतर घरांतही मुलांना खरे सांगावे असे वाटते. गाण्यातला शब्द मागितला म्हणून मिळत नाही. तो गाण्यासोबत येतो आणि गाण्यासोबत जातो. हेमलकशाला पोहोचून यजमान बोलू लागले नाहीत. गाणे म्हणजे औषध, असा समज कुणी करून घेऊ नये. नियमित वाचा-उपचारांची जागा ते घेत नाही. परंतु त्या साठ किलोमीटरांत त्यांच्या तोंडून जितके मराठी शब्द बाहेर पडले तितके मी त्या वर्षात ऐकले नव्हते.

हेमलकशाविषयी मुलांना आधी थोडे सांगून ठेवले होते. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आपले आयुष्य इथल्या माडिया लोकांच्या सेवेत घातले. वीज नव्हती, रस्ता नव्हता, पावसाळ्यात जगाशी संबंध तुटत असे. उपचारासाठी आधी माडिया भाषा शिकावी लागली. १९७६ मध्ये शाळा सुरू झाली. २००८ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुलांना यातले काय भिडेल ते सांगता येत नाही. नातीला भिडले ते एवढेच की डॉक्टरांना रुग्णांची भाषा येत नव्हती आणि ती त्यांनी शिकून घेतली.

अनाथ प्राण्यांचे गोकुळ पाहायचे तर कुंपणापासून अंतर राखून, आवाज न करता. शिकारीत आईविना उरलेली पिल्ले सांभाळण्यातून ते उभे राहिले. ही प्राण्यांच्या करमणुकीची जागा नव्हे, हे मुलांना दारातच सांगावे. जमिनीची चढ-उतार आहे. काठीच्या टोकाला नवे रबर बसवून न्यावे. राहण्याची व्यवस्था आधी कळवूनच ठरवावी. आणखी एक सांगणे आहे. वाटेवरच्या माडिया पाड्यांत विनाविचारता छायाचित्रे काढू नयेत, मुलांकडे गोळ्या-चॉकलेटे फेकू नयेत. रस्त्यालगत उभ्या दगडी शिळा दिसतात, त्या मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या असतात. त्यांवर मुलांना चढवून छायाचित्र घेणारे पर्यटक मी पाहिले. कुणी समोर आले की ‘जोहार’ म्हणावे. यजमानांना तो शब्द जमला नाही. त्यांनी डावा हात कपाळाशी नेला, आणि समोरच्या म्हाताऱ्या माडिया गृहस्थांनी तसाच परत केला.

तिसऱ्या प्रहरी भामरागडला गेलो. हेमलकशाहून ते तीनेक किलोमीटरांवर, पर्लकोटा नदीच्या पलीकडे. पावसाळ्यात हीच नदी पुलावरून वाहते आणि भामरागड कित्येक दिवस एकटे पडते. पूल दिसताच नातवाने आजोबांना विचारले, ‘पाणी की कोरडा?’ त्याने विचारले ते त्यांच्याकडे पाहून, आणि अंगठा वर जाईपर्यंत थांबला. तिथून पुढे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम. पलीकडच्या तीरावर छत्तीसगड.

वाळूत खुर्ची टाकून यजमानांना बसवले. नातीने पाच गुळगुळीत गोटे वेचून आणले आणि मी तिला सागरगोटे शिकवले; माझी बोटे अजून बरी चालतात, गुडघे चालत नाहीत, म्हणून मीही खुर्चीवरून आणि ती माझ्या मांडीवर खेळली. यजमानांनी एक गोटा डाव्या हाताने वर उडवून झेलला. दुसऱ्यांदा सुटला, तो नातवाने पाण्याच्या कडेवरून आणून दिला. गडचिरोलीत हिवतापाचे प्रमाण राज्यात सर्वांत अधिक राहिलेले आहे, त्यामुळे ऊन कलताच मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मोजे चढवले, यजमानांच्या पायांनाही मलम लावले, आणि अंधार पडण्यापूर्वी हेमलकशाला येऊन मच्छरदाण्या सोडल्या.